इंडिपेंडन्सच्या टेकडीवरची उघडी वही

अमेरिकेच्या मध्यभागी वसलेल्या मिसूरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचे मोठे शहर आहे. ते मागे टाकून पूर्वेकडे सुमारे १६ किलोमीटर गेले की इंडिपेंडन्स हे गाव लागते. गावात मोठमोठे वृक्ष, लाकडी व्हरांड्यांची जुनी घरे, मधोमध न्यायालयाची इमारत आणि तिच्याभोवती दुकानांचा चौक आहे. आज शांत दिसणारे हे गाव एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी गजबजलेले असे. पश्चिमेकडे सांता फेला जाणारा व्यापारी मार्ग येथूनच निघे. ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे नव्या भूमीच्या शोधात जाणारी कुटुंबेही येथेच बैलगाड्या सज्ज करीत, पीठ-मीठ भरून घेत आणि देवाचे नाव घेऊन प्रस्थान ठेवीत. आपल्या प्राचीन कथांतील सार्थवाहांची आठवण व्हावी, असाच हा इतिहास आहे.

या गावाच्या उत्तरेस एका छोट्या टेकडीवर फिकट रंगाच्या चुनखडी दगडाची, अर्धवर्तुळाकार, बैठी इमारत उभी आहे. ना उंच कळस, ना भव्य पुतळ्यांचा बडेजाव. हे अमेरिकेचे ३३वे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचे ग्रंथालय आणि संग्रहालय होय. ग्रंथालय म्हटले की पुस्तकांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र मुख्य ठेवा आहे तो कागदपत्रांचा. पत्रे, टिपणे, रोजनिश्या, आज्ञापत्रे आणि अहवाल अशी सुमारे दीड कोटी पाने येथे जतन केलेली आहेत. एका राजवटीची जमा आणि नावे, अशा दोन्ही बाजू येथे एकाच छताखाली सांभाळल्या जातात आणि त्या कोणालाही पाहता येतात. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे स्थळ आपलेसे वाटावे, याचे पहिले कारण हेच. दुसरे कारण असे, की ज्यांची ही वही आहे ते ट्रूमन स्वतः एकेकाळी दुकानदार होते. आणि ते दुकान बुडाले होते.

हॅरी ट्रूमन यांचा जन्म १८८४ सालचा. वडील शेतकरी आणि जनावरांचे व्यापारी. १९०१च्या सुमारास धान्याच्या वायद्यात वडिलांचे पैसे बुडाले आणि इंडिपेंडन्समधील राहते घर विकावे लागले. मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाची आशा तेथेच मावळली. विसाव्या शतकातील अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी महाविद्यालयाची पदवी नसलेले ट्रूमन हे एकटेच. काही काळ त्यांनी कॅन्सस सिटीतील बँकेत कारकुनी केली, अकरा वर्षे शेतात नांगर धरला आणि पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन म्हणून फ्रान्सच्या रणभूमीवर काम केले. युद्धावरून परतल्यावर १९१९ साली त्यांनी बेस वॉलेस या बालपणीच्या मैत्रिणीशी विवाह केला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सैन्यातील सहकारी एडी जेकबसन यांच्या भागीदारीत कॅन्सस सिटीच्या बाराव्या रस्त्यावर, एका मोठ्या हॉटेलसमोर, पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले.

शर्ट, टाय, हातमोजे, टोप्या, पट्टे असा माल नीटनेटका मांडलेला असे. दुकान सकाळी लवकर उघडे आणि रात्री उशिरा बंद होई. जेकबसन खरेदी पाहत, ट्रूमन हिशेब लिहीत. पहिले वर्ष चांगले गेले. पुढे युद्धोत्तर मंदी आली, भाव कोसळले. चढ्या दराने भरलेला माल फळ्यांवर पडून राहिला. ओळखीचे जुने सैनिक दुकानात येत, गप्पा मारीत. खरेदी मात्र होईना. १९२२ साली दुकानाला कुलूप लागले. बँकेचे कर्ज, मालकांची देणी आणि जागेचे भाडे एवढे मागे उरले.

कायद्याने दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याची वाट समोर होती. जेकबसन यांनी काही वर्षे झुंज दिली आणि १९२५ साली तीच वाट धरली. ट्रूमन यांनी ती धरली नाही. पुढची सुमारे पंधरा वर्षे ते देणी फेडीत राहिले. काही हप्त्याहप्त्याने फिटली, काही तडजोडीने मिटली. कर्ज दिलेली एक बँक स्वतःच बुडाली, तेव्हा तिच्याकडील ट्रूमन यांची वचनचिठ्ठी लिलावात निघाली आणि त्यांच्या भावाने ती दर्शनी रकमेहून बऱ्याच कमी किमतीत सोडवून घेतली. म्हणजे ही कहाणी पुराणातील सत्त्वपरीक्षेसारखी निष्कलंक नाही. तशी ती सांगण्याची गरजही नाही. १९३५ साली ट्रूमन अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसले, तेव्हाही जुन्या दुकानाचे ओझे पुरते उतरलेले नव्हते. भागीदारी बुडाली, पण मैत्री बुडाली नाही. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात जेकबसन यांच्यासाठी दार नेहमी उघडे राहिले. ज्या घरांत पेढीपेक्षा पत मोठी मानतात, त्या घरांना या प्रकरणाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

संग्रहालयात पाऊल टाकताच दर्शनी दालनात एक प्रचंड भित्तिचित्र सामोरे येते. मिसूरीचेच चित्रकार थॉमस हार्ट बेंटन यांनी ते १९६१ साली पूर्ण केले. त्यात गावाचा जुना काळ साकारला आहे. मूळ निवासी आदिवासी, कातडी विकणारे शिकारी, सांता फेचे व्यापारी, लोहार आणि पश्चिमेकडे निघालेली कुटुंबे एकाच पटावर उभी आहेत. पाहुणा येथे घटकाभर थांबला तर ध्यानात येते, की हे केवळ विजयाचे चित्र नाही. ज्यांची भूमी ती होती आणि जे ती घेण्यास निघाले, ते समोरासमोर आहेत. चित्र सुरू असताना वृद्ध ट्रूमन स्वतः पाड्यावर चढले आणि आकाशाच्या निळ्या रंगाचे काही फटकारे त्यांनीही मारले, अशी आठवण येथे सांगितली जाते.

आत गेल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या अंडाकृती कार्यालयाची प्रतिकृती लागते. संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे मेजावर ठेवण्याची छोटी लाकडी पाटी. ओक्लाहोमा राज्यातील एका सुधारगृहात ती तयार झाली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडे आली. तिच्यावरील चार इंग्रजी शब्दांचा आशय असा, की जबाबदारी हातोहात पुढे सरकत येते, ती या मेजापाशी थांबते. येथून पुढे ढकलण्यास जागा नाही. पाटीच्या मागच्या बाजूस, म्हणजे बसणाऱ्याच्या नजरेसमोर, मात्र ‘मी मिसूरीचा’ एवढेच लिहिले आहे. मिसूरीच्या माणसाची ख्याती अशी, की डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो विश्वास ठेवीत नाही. एका अंगाला उत्तरदायित्व, दुसऱ्या अंगाला पडताळा: हिशेबाच्या कोणत्याही वहीला हेच दोन पुठ्ठे लागतात.

त्या मेजावर आलेली सर्वांत जड नोंद १९४५च्या उन्हाळ्यातील आहे. १२ एप्रिल रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले, तेव्हा ट्रूमन यांना उपराष्ट्राध्यक्ष होऊन अवघे ८२ दिवस झाले होते. अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पाची सविस्तर माहिती त्यांना सत्तेवर आल्यानंतर, २५ एप्रिलला मिळाली. १६ जुलैला चाचणी यशस्वी झाली. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी भस्मसात झाले. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

या दालनात पाय जड होतात. अहिंसा ज्यांच्या घरात रोजच्या ताटापर्यंत पोहोचलेली आहे, अशा कुटुंबातील प्रवासी तर येथे अधिकच रेंगाळेल. निर्णयाचे समर्थन करणारे म्हणतात, की जपानवर चढाई झाली असती तर दोन्ही बाजूंचे असंख्य जीव गेले असते. विरोधक म्हणतात, की युद्ध तसेही शेवटास आले होते आणि नगरांवर असा प्रहार कोणत्याही न्यायात बसत नाही. हा वाद ८० वर्षांनंतरही मिटलेला नाही. येथील दप्तरखान्याचे मोल असे, की तो वाद मिटवण्याची घाई करीत नाही. मूळ कागद पुढे ठेवतो.

आणि कागद वाचणे हे किती सावधपणाचे काम आहे, तेही येथे कळते. ३१ जुलै १९४५ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे असताना ट्रूमन यांनी पेन्सिलीने एक उत्तर लिहिले. सूचना मान्य आहे, तयारी होताच प्रसिद्ध करावे, मात्र २ ऑगस्टपूर्वी नको, असा त्याचा आशय. हा कागद या संग्रहात आहे. अनेकांना तो बॉम्ब टाकण्याचा हुकूमच वाटतो. प्रत्यक्षात ती बॉम्बविषयीचे जाहीर निवेदन प्रसृत करण्यास दिलेली संमती होती. बॉम्बफेकीचा लेखी आदेश २५ जुलैलाच जनरल थॉमस हँडी यांच्या सहीने निघाला होता. कोणती सही कोणत्या कागदावर आहे, हे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हा मुनिमाच्या गादीवरचा पहिला धडा येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळतो.

त्याच २५ जुलैच्या रोजनिशीत ट्रूमन लिहितात, की लक्ष्य लष्करी असावे, स्त्रिया आणि मुले नव्हेत. पुढे जे घडले ते नगरांच्या मध्यावर घडले. १० ऑगस्टच्या मंत्रिमंडळ बैठकीत त्यांनी आपल्या आज्ञेवाचून आणखी बॉम्ब टाकू नये असे सांगितले. इतकी मुले मारण्याची कल्पना त्यांना सहन होत नव्हती, अशी नोंद त्यांचे सहकारी हेन्री वॉलेस यांनी आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. तरीही जाहीरपणे ट्रूमन यांनी तो निर्णय अखेरपर्यंत योग्यच म्हटला. एका माणसाचे लिहिणे, वागणे आणि बोलणे यांतील अंतर असे उघड्यावर ठेवणे सोपे नसते. त्याच्याच नावाच्या वास्तूत ते ठेवणे तर त्याहून कठीण.

या दप्तरात भारतासंबंधीची पानेही आहेत. ऑक्टोबर १९४९ मध्ये पंडित नेहरू पहिल्यांदा अमेरिकेस गेले, तेव्हा ट्रूमन यांनी त्यांचे स्वागत केले. दोन वर्षांतच भारतावर अन्नटंचाईचे संकट आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ट्रूमन यांनी भारताला २० लाख टन धान्य द्यावे, असे अमेरिकी संसदेस सुचविले. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर रुष्ट असलेल्या सदस्यांमुळे चर्चा लांबली. अखेर १५ जून १९५१ रोजी कायद्यावर सही झाली आणि १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. रेशनच्या दुकानापुढील रांगांच्या आठवणी ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना या आकड्याचे वजन कळेल. याच कायद्यात आणखी एक कलम होते. कर्जाच्या व्याजातून ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम दोन्ही देशांतील विद्यार्थी, अध्यापक आणि पुस्तके यांच्या देवाणघेवाणीसाठी राखून ठेवावी, असे ते कलम. धान्याच्या व्यवहाराचे व्याज ग्रंथांकडे वळविण्याची ही तरतूद फारशी कोणाच्या स्मरणात नाही. पण ज्या समाजाने धनाचा एक वाटा शास्त्रदानासाठी काढून ग्रंथभांडारे उभी केली, त्याला ती अनोळखी वाटू नये.

आता प्रश्न असा, की हे सारे कागद गावातील या टेकडीवर आले कसे? पूर्वी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले, की आपली कागदपत्रे सोबत घेऊन जात. ती खाजगी मालमत्ता मानली जाई. काही वारसांनी ती जपली, काहींची ती विखुरली, काहींनी जाळली. चेस्टर आर्थर यांच्या मृत्यूपूर्वी त्यांची बहुतेक कागदपत्रे अग्नीच्या स्वाधीन करण्यात आली. वॉरन हार्डिंग यांच्या पत्नीने पतीमागे अनेक पत्रे नष्ट केली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ साली ही रीत मोडली. आपले सर्व दप्तर राष्ट्राला द्यायचे ठरवून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे वडिलोपार्जित जागेवर ग्रंथालय उभारले. १९५५ साली या पद्धतीला कायद्याचा आधार मिळाला. इमारत लोकवर्गणीतून उभी राहावी आणि मग ती शासनाने सांभाळावी, अशी ती योजना. त्या कायद्यान्वये उभे राहिलेले पहिले ग्रंथालय इंडिपेंडन्सचे. हजारो लोकांनी देणग्या दिल्या, गावाने जागा दिली आणि ६ जुलै १९५७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. पुढे १९७८च्या कायद्याने निर्णय पक्का झाला: १९८१पासून पदावर येणाऱ्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाचे शासकीय कागद राष्ट्राचे, त्याचे नव्हेत. गादीवरचा माणूस बदलतो. चोपड्या पेढीच्याच राहतात.

कागद जपण्याचा हा आग्रह ट्रूमन यांच्या घरातही सहज मान्य झाला नव्हता. बेसबाई अत्यंत संकोची स्वभावाच्या. एकदा त्या शेगडीत जुनी पत्रे जाळताना पाहून हॅरी म्हणाले, “अगं, इतिहासाचा विचार कर!” त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “तोच तर केला.” ही आठवण ट्रूमन यांच्या घरासंबंधी नेहमी सांगितली जाते. बेसबाईंनी लिहिलेली बहुतेक पत्रे गेली. हॅरींनी त्यांना लिहिलेली सुमारे १,३०० पत्रे मात्र वाचली आणि आज येथे आहेत. त्यांत प्रेम आहे, शेतातील पिकांची चिंता आहे आणि दुकानदारी व राजकारणातील धाकधूकही आहे.

निवृत्तीनंतर ट्रूमन यांनी मोठ्या कंपन्यांनी देऊ केलेली पदे नाकारली आणि सासरच्या जुन्या घरात राहून ग्रंथालय हेच आपले कामाचे ठिकाण केले. ते घर आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेले आहे आणि ग्रंथालयापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. येथील आपल्या कार्यालयात ते अनेकदा कर्मचाऱ्यांच्या आधी येऊन बसत. दूरध्वनी वाजला की स्वतःच उचलून ग्रंथालयाच्या वेळा आणि रस्ता सांगत. कोण बोलत आहे, असे विचारणाऱ्याला खरे उत्तर ऐकून आश्चर्याचा धक्का बसे. शाळेच्या मुलांच्या सहली आल्या, की त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास ते बाहेर येत. ते कार्यालय त्यांच्या काळात होते तसेच ठेवले आहे. काचेपलीकडून पुस्तके, मेज आणि खुर्ची दिसते. ही वास्तू आपले स्मारक नसून राष्ट्राध्यक्षपदाच्या अभ्यासाची जागा व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह आजही पाळला जातो. २००१पासून येथे विद्यार्थ्यांसाठी एक विशेष दालन चालते. मुले राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार होतात. एके काळी गुप्त असलेल्या आणि आता खुल्या झालेल्या अस्सल कागदांच्या प्रती त्यांच्या हाती दिल्या जातात. युद्ध कसे संपवावे, सैन्यातील वर्णभेद मोडावा काय, कोरियात फौजा पाठवाव्यात काय, या प्रश्नांवर त्यांनी वाचून, वाद घालून, ठराविक वेळात निर्णय घ्यायचा असतो. ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातील वर्णभेद मोडणारा आदेश काढला, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. येथे मुलांना कळते, की त्या ओळीमागे किती विरोध उभा होता. त्याचप्रमाणे हेही कळते, की सही करणाऱ्याला पुढचे सारे दिसत नसते, पण उत्तर त्यालाच द्यावे लागते.

इमारतीच्या मधल्या अंगणात ट्रूमन दांपत्याची साधी समाधी आहे. १९७२च्या डिसेंबरात हॅरी गेले, १९८२ साली बेस. मनात आले तर उठून कार्यालयात जाता यावे म्हणून ही जागा, असे ते गमतीने म्हणत.

आणि अखेरीस एक इवलीशी वस्तू. सादाको सासाकी हिरोशिमाची. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५ साली, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. रुग्णालयात ती कागदाचे करकोचे घडवीत असे. हजार करकोचे घडविले की इच्छा पुरी होते, अशी जपानी लोकांची श्रद्धा. त्यांपैकी एक, तळहातावर हरवून जाईल एवढा करकोचा, तिचा थोरला भाऊ मासाहिरो याने २०१५ साली या ग्रंथालयास दिला. ट्रूमन यांचे नातू क्लिफ्टन ट्रूमन डॅनियल यांचा या देवघेवीत पुढाकार होता. त्याआधी २०१२ साली ते स्वतः हिरोशिमा आणि नागासाकीला जाऊन वाचलेल्या माणसांना भेटून आले होते.

व्यापारात हिशेब एकट्याच्या वहीवरून पुरा होत नाही. समोरच्याची वही आणून ताळा करावा लागतो. या ग्रंथालयातील बहुतेक कागद निर्णय घेणाऱ्यांच्या हातचे आहेत. हा एक करकोचा दुसऱ्या बाजूची नोंद आहे, एका बारा वर्षांच्या मुलीच्या हातची. तिच्या भावाने ती येथे आणून दिली आणि ज्यांची वही होती त्यांनी ती स्वीकारली. ताळा जुळला असे कोणी म्हणत नाही. बाकी पुढे ओढलेली आहे, आणि वही उघडी आहे.